पॉइंट नंबर एक्केचाळीस

माझं माहेर मेढ्याचं. तिकडच्या घाटात प्रत्येक वळणावर पांढऱ्या साडीतली एक बाई उभी असते, असं आमचे मामा शपथेवर सांगायचे. मी विचारायची, "मामा, तिकडच्या पावसात तिची साडी वाळते कुठं?" मामा चिडायचे, आई मला आत पाठवायची. तेव्हा मी दहा वर्षांची होते. आता बावन्न वर्षांची आहे आणि माझा प्रश्न अजून तोच आहे. या सदरातले अनुभव मी वाचते, पण बहुतेक वेळा करमणूक म्हणून. ज्यांना चकवा, हडळ, कुणाची तरी सावली वगैरे हवं आहे त्यांनी माझं पत्र इथेच सोडलं तरी चालेल. यात तसलं काही नाही.

यात आहे ती एका नकाशावरची एक नोंद. ती पुसावी म्हणून मला सांगण्यात आलं होतं. मी पुसली नाही. का नाही, ते लिहिते.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, साताऱ्यात राहते. पंचवीस वर्षं मोजणीची कामं केली, कालवे, रस्ते, धरणाखालची गावठाणं. गेली काही वर्षं एका संस्थेबरोबर पावसाळ्यात वेगळं काम करते. आम्ही सहा-सात इंजिनिअर उपग्रहाच्या चित्रांवरून पुराचे नकाशे करतो आणि बचावकार्य करणाऱ्यांना देतो. कुठला रस्ता बुडाला, कुठली वस्ती तुटली, बोट कुठून नेता येईल... असं. पगार नाही, बिल्ला नाही. माझं ऑफिस म्हणजे माझं जेवणाचं टेबल.

चित्र म्हणजे फोटो नव्हे, हे आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुराच्या दिवसांत आभाळ भरलेलं असतं, फोटोत नुसते ढग येतात. म्हणून रडार. उपग्रह वरून लहरी सोडतो, त्यांना ढग अडवत नाहीत. सपाट पाण्यावर पडलेल्या लहरी घसरून पुढे जातात, परत येत नाहीत, म्हणून पाणी काळं दिसतं. लोखंडावर पडलेल्या लहरी जोरात परत येतात, म्हणून लोखंडाचा पांढराशुभ्र ठिपका दिसतो. काळ्या पाण्यात पांढरा ठिपका म्हणजे पत्र्याचं शेड, विजेचा मनोरा नाहीतर वाहन. आमच्यात एक नियम आहे आणि तो मीच घातलेला आहे — पाण्यात वाहन दिसलं की बोट आधी तिकडे. घरातल्या माणसाला माळा असतो, गच्ची असते. वाहनातल्या माणसाला काही नसतं.

त्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी तीन दिवस चढत होतं. गावाचं नाव मी देत नाही, त्या कुटुंबाला उगाच त्रास नको. वाळवा तालुक्यातलं, इस्लामपूरपासून तासाभराच्या आतलं, नदीकाठचं गाव. गावापासून दीड किलोमीटरवर मळ्यातली वस्ती. मधे एक ओढा आणि त्यावर फरशीचा बुटका पूल. पुलाच्या गावाकडच्या बाजूला रस्ता थोडा सखल आहे, दोन्हीकडे सोयाबीनची रानं. नीट लक्षात ठेवा — पुलापासून गावाकडे ऐंशी पावलं. नंतर मी स्वतः मोजली आहेत.

त्या दिवशी उपग्रह सांगली जिल्ह्यावरून सकाळी सहा वाजून एकवीस मिनिटांनी गेला. एका परदेशी कंपनीने आपत्ती म्हणून ते चित्र फुकट दिलं होतं, चांगलं बारीक चित्र, जमिनीवर तीन मीटर अंतरावरच्या दोन वस्तू वेगळ्या दिसणारं. नऊ वाजून बारा मिनिटांनी ते माझ्या लॅपटॉपवर उतरलं. शेजारी केतकी होती. ती पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, पुराच्या दिवसांत रजा काढून माझ्याकडे येते. आमची कामाची पद्धत ठरलेली आहे : एकीने ठिपके शोधायचे, दुसरीने पहिलीचे न बघता पुन्हा शोधायचे, मग दोन्ही याद्या ताडून बघायच्या. जुळले तरच नंबर द्यायचा.

सखल रस्त्यावर तीन ठिपके होते. एका ओळीत, आणि तिसरा ओळीतून जरा बाहेर, शेताकडे झुकलेला. मी शोधले, केतकीनेही शोधले. नंबर पडला एक्केचाळीस.

"ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या," मी म्हटलं.

"ऑगस्टमध्ये? ऊस तर केव्हाच संपला."

"ट्रॉल्या काय फक्त उसालाच असतात का गं?"

मी इम्तियाजभाईंना फोन लावला. इम्तियाज मुल्ला यांचं इस्लामपूरला वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. मागच्या एका पुरानंतर त्यांनी स्वतःच पत्रा वाकवून सपाट तळाची एक बोट बनवली आणि तेव्हापासून पाणी चढलं की ते टेम्पोत बोट टाकून निघतात. त्या वेळी ते त्याच गावात होते. शाळेच्या वरच्या मजल्यावर तीसेक माणसं अडकली होती, त्यांच्यासाठी पिण्याच्या पाण्याचे कॅन चढवत होते. तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती, फोनमध्ये वेळ आहे.

"भाई, शाळा नंतर. आधी फरशीकडे जा. रस्त्यावर ट्रॅक्टर उभा आहे पाण्यात."

"न्हाई वो मॅडम. सकाळी सातला त्याच रस्त्यानं फरशीपतुर जाऊन आलोय मी. गुडघाभर पाणी हुतं, बोट घासत न्हेली. तिथं काय बी न्हाई."

"चित्रात आहे."

"चित्रात हाय. आन् डोळ्यानं बघितलं त्ये काय मग?"

"भाई, वाद नंतर घाला. जा."

"लोकं तान्हेली हायत इथं."

"शाळेतले वरच्या मजल्यावर आहेत. त्यांना अर्धा तास तहान लागेल, त्यानं काही होत नाही. तुम्ही जा."

पलीकडे ते कुणाला तरी म्हणाले, "बाईंच्या म्होरं कोन बोलंल? उतरवा कॅन." फोन बंद झाला.

इथे कुणाला वाटेल की मला आतून काही जाणवलं. आतून काहीही जाणवलं नाही. नियम होता, नियमाप्रमाणे बोट पाठवली. केतकीने चहा केला, मी बेचाळीसचं काम हातात घेतलं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन आला. वाऱ्याने अर्धं ऐकू येत नव्हतं.

"मॅडम... हायत. सात जनं हायत."

"सगळे ठीक?"

"ठीक हायत. मागली ट्रॉली कलतीया. म्हशी सोडून दिल्या. घेतो समद्यास्नी."

मग त्यांनी आणखी काहीतरी सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. दुपारी दोनला ते पुन्हा त्या बाजूने गेले तेव्हा ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचा फक्त शेंडा पाण्याबाहेर होता. सात माणसांमध्ये दोन मुलं होती, एक आठ वर्षांचं आणि एक पाच.

इथपर्यंत काहीही अमानवीय नाही. चित्र आलं, ठिपका दिसला, बोट गेली. मला त्या दिवशी बरं वाटलं आणि मी जेवून कामाला लागले.

पाणी ओसरल्यावर आठ-दहा दिवसांनी आम्ही प्रत्यक्ष जागेवर जाऊन नकाशा तपासतो. नकाशावर जे दाखवलं ते तिथे खरंच होतं का, हे बघायचं. एका छापील कागदावर ठरलेले प्रश्न असतात. मी आणि केतकी वस्तीवर गेलो. घराची एक भिंत पडली होती, अंगणात चिखल वाळत होता. ट्रॅक्टर चालवणारी त्या घरची सून, सारिका. नवरा सैन्यात, लेहला. सासरे सुभेदार होऊन निवृत्त झालेले, गुडघ्याने अधू. सासू तरतरीत. सारिकाने चटई टाकली. मी कागद काढला.

"ट्रॅक्टर रस्त्यात बंद पडला तो किती वाजता?"

"पावणेअकरा असत्याल."

मी लिहिलं नाही. "पहाटेपासून होता ना तुम्ही तिथे?"

"न्हाई वो. पहाटे कशाला? साडेनऊला भिंत पडली तवा निघालो. त्याआधी आमचं सुभेदार निघाय तयार नव्हतं. म्हनं, चौकी सोडायची न्हाई."

खाटेवरून सुभेदार म्हणाले, "मी आसं म्हनलो न्हाई."

"म्हनला की वो मामंजी. समद्यांनी ऐकलंय."

मी म्हटलं, "सारिका, नीट आठव. सहा-साडेसहाला ट्रॅक्टर कुठं होता?"

"सहाला मी धार काढत हुते. ट्रॅक्टर हितं, ह्या लिंबाखाली. एक ट्रॉली शेडात, एक त्या कडंला, कडबा भरलेली. जोडलेल्या बी नव्हत्या. भिंत पडल्यावर कडबा उपसून टाकला, मग जोडल्या. म्होरल्या ट्रॉलीत आमी, मागल्यात म्हशी. फरशी वलांडली आन् मागल्या ट्रॉलीचं चाक रस्त्याखाली गेलं. तिकडं, शेताकडं. मग हलंना."

केतकीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. माणसं पुरात वेळ विसरतात, हे मी शंभर वेळा पाहिलंय. मी तसं म्हटलंही.

सारिका जरा रागावली. "मी खोटं बोलते व्हय? थांबा." आत जाऊन तिने फोन आणला. त्या सकाळी रेंज होती तोवर तिने नवऱ्याला अंगणातल्या पाण्याचा व्हिडिओ पाठवला होता. नऊच्या आधीच तिच्या फोनच्या कंपनीची रेंज गेली, म्हणून नंतर कुणालाही फोन करता आला नाही. व्हिडिओत अंगण, लिंबाखाली ट्रॅक्टर, शेडातली ट्रॉली, कडब्याची ट्रॉली. खाली वेळ : सहा वाजून चोवीस मिनिटं.

उपग्रह गेला सहा वाजून एकवीस मिनिटांनी.

तीन मिनिटांत ते तिन्ही एक किलोमीटरवरून येऊन, सुटे होऊन, लिंबाखाली आणि शेडात जाऊन उभे राहिले असतील, असं ज्याला म्हणायचं असेल त्याने म्हणावं.

मी देवाला हात जोडले नाहीत. मी पुलापर्यंत चालत गेले आणि तिथून आधी पावलांनी, मग फितीने मोजलं. मागची ट्रॉली अजून तिथेच होती, चाक रस्त्याखाली, शेताकडे झुकलेली. लॅपटॉप उघडून चित्राशी ताडून बघितलं. तिसरा ठिपका तितकाच झुकलेला होता. तंतोतंत.

निघताना सासूबाईंनी ओटीचं सामान आणलं. "देवीनंच दावलं तुला," त्या म्हणाल्या.

"आजी, देवीला दाखवायचंच होतं तर थेट तुम्हालाच सांगितलं असतं की, पहाटेच निघा म्हणून. मला साताऱ्यात गाठायची काय गरज?"

"आमी कुठं ऐकतोय तिचं? ह्ये बघ की," त्यांनी खाटेकडे हात केला. "तू लय हट्टी हायस, म्हनून तुला सांगितलं आसंल."

मी नारळ घेतला. त्यांचं म्हणणं पटलं नाही, पण नारळ घेतला.

साताऱ्यात आल्यावर तीन आठवडे मी या प्रकरणामागे लागले. एकेक शक्यता घेऊन बसले, ती इथे सांगते, कारण वाचक पत्रातून हेच विचारणार.

वेळेची चूक? फाइल माझ्याकडे नऊ-बाराला आली. पावणेअकराला जे घडलं ते नऊ-बाराच्या फाइलमध्ये कसं येईल? घड्याळ कितीही चुकलं तरी हे जमत नाही. दुसरा ट्रॅक्टर? सातला इम्तियाजभाई तिथून फरशीपर्यंत बोट ओढत जाऊन आले. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्यांना ते अडखळले असते. आधीच कुणी येऊन गेला म्हणावं तर ती वाट वस्तीवर संपते, आणि त्या दिवशी वस्तीवर कुणी आलं नव्हतं. भाईंची पत्र्याची बोट? ती एक आहे, ठिपके तीन, आणि सहा-एकवीसला ती इस्लामपुरात टेम्पोत होती. रडारचा भास? तसे भास होतात. मोठ्या कारखान्याच्या शेडचा खोटा ठिपका दूर कुठेतरी पडतो. मी त्याचं गणित केलं, केतकीने केलं, पुण्यातल्या आणखी एकाने केलं. जवळपास असा खोटा ठिपका टाकणारं काहीही नाही.

राहिली एक शक्यता, आणि ती संस्थेला फार आवडली.

आम्ही दोन चित्रं एकावर एक ठेवतो. उन्हाळ्यातलं लाल, पुरातलं निळं. जे नव्याने आलं ते निळं दिसतं, जे नाहीसं झालं ते लाल. चित्रं उलटी चढवली तर उन्हाळ्यातली जुनी वस्तू नवी म्हणून दिसते. ही चूक आमच्या धंद्यातच होऊ शकते, आणि मी ती एकदा केली आहे. मागे एका वीटभट्टीवरची पत्र्याची खोपटी, जी पावसाआधीच काढून नेली होती, ती मी पाण्यातली वस्ती म्हणून दाखवली. बोट रिकामी जाऊन आली. संस्थेत ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, कारण मीच नव्या मुलांना शिकवताना ती सांगते.

आढावा बैठक पुण्यात झाली. आमचे प्रमुख, आम्ही त्यांना सर म्हणतो, हुशार गृहस्थ आहेत. त्यांनी चष्मा काढला. "चित्रं उलटी चढली असतील, वीटभट्टीसारखी. उन्हाळ्यात तिथे ट्रॉल्या उभ्या असतील. झालं ते चांगलंच झालं. आपण एक्केचाळीस काढून टाकू."

"चित्रं सुलट होती. माझीही आणि केतकीचीही. आणि उन्हाळ्यातलं चित्र मी वेगळं उघडून बघितलंय. तिथे काही नाही. तो ट्रॅक्टर तेव्हा इस्लामपुरात गॅरेजमध्ये होता, मी गॅरेजवाल्याला जाऊन भेटले."

"मग असं लिहा, स्थानिक फोनवरून माहिती मिळाली."

"कुणाचा फोन? त्यांची रेंज नऊच्या आधीच गेली होती."

"अहो, कुणाचा हे कोण विचारणार आहे?"

"उद्या मी विचारेन. आज खोटा फोन लिहिला तर पुढच्या पुरात खऱ्या फोनची नोंद कोण मानणार?"

 सर शांतपणे म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, "ताई, हा नकाशा कलेक्टर ऑफिसला जातो. त्यात एक जरी नोंद अशी असली की जिचं कारण आपल्यालाच सांगता येत नाही, तर बाकीच्या साठ नोंदींवर कोण विश्वास ठेवेल? लोक हसतील. पुढच्या वर्षी बोटी आपल्या सांगण्यावर जाणार नाहीत. मग माणसं मरतील. तुम्हाला हे हवंय?"



मी म्हटलं, "सर, शेवटच्या रकान्यात लिहा : कारण माहीत नाही. खाली माझं नाव घाला. हसायचं असेल तर मला हसू दे."

"असा रकाना भरत नाहीत."

"रिकामा ठेवा मग. पण ओळ काढू नका. त्या ओळीत सात माणसं आहेत."

माझं मत त्यांनी लिहून घेतलं. चहा झाला. नंतर मेल आली की यापुढे नकाशे तपासण्याची जबाबदारी दुसऱ्याकडे दिली आहे, तुमच्या अनुभवाचा आदर आहे, वगैरे. 

घरी आल्यावर केतकीने फोनवर विचारलं, "ताई, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही. मला माहीत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

आजही हेच म्हणते. मला ते भूत वाटत नाही आणि देवीही वाटत नाही. पण ती चूक होती असं मी म्हणणार नाही, कारण ती चूक नव्हती. ज्यांना उत्तर सापडेल त्यांनी जरूर कळवावं — आकडे, फाइल, व्हिडिओ सगळं माझ्याकडे आहे, कुणालाही दाखवते. ‘असं होऊच शकत नाही’ एवढंच म्हणायचं असेल तर पोस्टकार्ड वाया घालवू नका. तेवढं मलाही कळतं. इम्तियाजभाईंना हे सगळं सांगितलं तेव्हा ते वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मॅडम, मी त्या दिवशी फोनवर सांगितलं हुतं तुमास्नी, आत्ताच येऊन थांबल्यात म्हनत्यात म्हनून. वाऱ्यात ऐकू गेलं नसंल." आणि चष्मा परत खाली ओढत, "बरं झालं ऐकू गेलं न्हाई. तुमी माझ्याशीच वाद घालत बसला असता."

अहवाल छापून आला. संस्थेने एक्केचाळीसची ओळ काढली. ओळ काढल्यावर पुढचे नंबर सलग करायचं काम केतकीकडे होतं. तिने मला काही विचारलं नाही, मीही तिला काही सांगितलं नाही. अहवालाच्या नवव्या पानावर चाळीसनंतर बेचाळीस आहे.